एमएस रक्तातून उतरतो का? मावशी, आता भाऊ, आणि पुढे मुलं

वारणाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

माझ्या धाकट्या भावाला, वय २९, गेल्या पावसाळ्यात उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं. डोळा फिरवला की दुखायचं. मिरजेला एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) असं निदान आलं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू-मणक्यातल्या नसांच्या आवरणावर उलटते तो आजार. औषध चालू आहे, नजर बरीचशी परत आली आहे, नोकरीवरही जातो.

पण घरातलं वातावरण वेगळ्याच कारणाने बिघडलंय. आईची थोरली बहीण, माझी विट्याची मावशी, तिलाही एमएस आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती आता व्हीलचेअरवर असते. त्यामुळे भावाचं निदान कळल्या दिवसापासून घरात एकच वाक्य फिरतंय, "हे आईच्या माहेरचं आहे." आईने ते मनाला इतकं लावून घेतलंय की ती जेवत नाही नीट. भावाचं लग्न नात्यातच, मामाच्या मुलीशी ठरत होतं. तिथेही आता मामी गप्प गप्प आहेत.

मला दोन मुलं आहेत. एका खासगी लॅबचा माणूस म्हणाला की लाळेवरून जीन टेस्ट करून देतो, मुलांना पुढे होणार का ते कळेल. करावी का? आणि खरंच हे रक्तातून उतरतं का? डॉक्टर म्हणाले "तसं आनुवंशिक नाही, पण थोडा भाग असतो." थोडा म्हणजे किती, ते विचारायचं त्या दिवशी सुचलं नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा, सध्या पुणे)

ताई, मी डॉक्टर नाही. जनुकांच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि याच प्रकारच्या आजारांची माहिती चाळणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे उपचारांबद्दल बोलणार नाही, "थोडा म्हणजे किती" एवढ्याचं उत्तर देतो.

सगळ्यात चांगलं उत्तर जुळ्यांकडून मिळालं. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. आजार पूर्णपणे जनुकांत लिहिलेला असता तर एकाला झाल्यावर दुसऱ्यालाही झालाच असता. कॅनडातल्या अभ्यासात अशा चार जोड्यांपैकी साधारण एकीतच दोघांनाही एमएस झाला. म्हणजे तीच जनुकं असूनही चारपैकी तिघं मोकळे. साध्या जुळ्यांमध्ये हे प्रमाण खूप खाली येतं. त्याच गटाने दत्तक मुलंही पाहिली. एमएस असलेल्या घरात लहानाची मोठी झालेल्या दत्तक मुलांना जादा धोका दिसला नाही. तेव्हा एका घरात राहून, एका ताटात जेवून हा आजार लागत नाही. कुटुंबात जो काही जास्तीचा धोका दिसतो तो रक्ताच्या नात्यातून येतो, पण तो एकटा पुरेसा नसतो.

आकडे युरोप-अमेरिकेतले आहेत. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलाला आयुष्यभरात होण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास, सख्ख्या भावंडाला शंभरात दोन ते चार. मावशी-भाच्याचं नातं त्याहून लांबचं, तिथे ती आणखी कमी. आणि आपल्याकडे मुळातच हा आजार त्यांच्यापेक्षा बराच कमी आढळतो. मंगळूरच्या पाहणीत लाखामागे आठ-नऊ रुग्ण सापडले होते, उत्तर युरोपात लाखामागे शंभर-दोनशे असतात. म्हणून तिकडचे टक्के उचलून सांगलीत जसेच्या तसे लावले तर धोका आहे त्यापेक्षा मोठा दिसेल.

आता जनुकं. १९७२ साली डेन्मार्कच्या संशोधकांना एमएसच्या रुग्णांत एचएलएचे काही प्रकार जास्त आढळले. एचएलए हा सहाव्या गुणसूत्रावरचा भाग, आपलं कोण आणि परकं कोण हे रोगप्रतिकारक पेशींना दाखवून देणारा. पुढे त्यातला नेमका प्रकार हाती लागला, एचएलए-डीआरबी१*१५:०१. त्याची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट होतो. पण एचएलएच्या बाहेर १९७२ नंतर ३५ वर्षं दुसरं काही ठोस सापडलंच नाही. २००७ मध्ये आयएल७आर आणि आयएल२आरए ही दोन जनुकं आली, २०११ मध्ये गुणसूत्रांवरच्या एमएसशी जोडलेल्या पन्नासच्या वर जागा झाल्या, २०१३ मध्ये ११०. २०१९ च्या अभ्यासात ४७ हजारांहून जास्त रुग्ण आणि ६८ हजारांहून जास्त निरोगी माणसं घेतली, तेव्हा आकडा २३३ वर गेला. त्यातल्या ३२ एकट्या एचएलएच्या परिसरात आणि एक एक्स गुणसूत्रावर.

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसारखं आहे हे. डीआरबी१*१५:०१ म्हणजे मोठ्या भावकीची एकगठ्ठा मतं, बाकीच्या दोनशे जागा म्हणजे इकडचं एक मत, तिकडचं एक. आणि यातली कितीतरी मतं आपल्या सगळ्यांकडे आहेत. तुमच्याकडेही, माझ्याकडेही. तुमच्या आईंच्या माहेरी असं काही एकटं जनुक नाही जे त्यांनी मुलाला "दिलं". त्याच्या निम्म्या चिठ्ठ्या वडिलांकडूनही आल्या आहेत. हे त्यांना जरूर सांगा.

मधली_सून (कराड)

वारणाकाठ ताई, मला एमएस होऊन बारा वर्षं झाली. माहेरी-सासरी कुणालाच नव्हता, नाही. बहुतेक रुग्णांचं असंच असतं, घराण्यात पहिलाच माणूस. माझ्या मुलीला जन्म दिला तेव्हा आधीच निदान झालेलं होतं. न्यूरोलॉजिस्टनी आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी एकत्र बसून औषधांचं वेळापत्रक आखलं होतं. मुलगी आता चौथीत आहे.

भावाला सांगा की पुण्यात मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची शाखा आहे, संस्था १९८५ पासूनची आहे. तिथे बोलणारी माणसं हाच आजार घेऊन जगलेली आहेत. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात एमएसचं नाव स्वतंत्रपणे आहे. आज भावाला गरज नसेल, पण युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काय असतं ते माहीत असू द्या.

आणि आईंना एकटं सोडू नका. माझ्या आईनेही "माझ्या पोटी काय कमी पडलं" म्हणून वर्ष घालवलं होतं. तिला तेव्हा कुणी हे शंभरात दोनचं गणित सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

शाहूपुरी२२ (सातारा)

मी ती लाळेची टेस्ट केली आहे. ऑनलाइन, कुठल्या कंपनीची ते सांगत नाही. रिपोर्टमध्ये एमएसपुढे लाल खूण, "वाढलेला धोका". घरात कुणालाच नाही, मी धडधाकट. तरी दोन महिने पायाला मुंगी आली तरी झोप उडायची. @अजिंक्यताऱ्याखाली, त्या लाल खुणेचा अर्थ काय घ्यायचा?

अजिंक्यताऱ्याखाली

फार थोडा घ्यायचा. अशा टेस्ट बहुतेकदा एचएलएचा प्रकार प्रत्यक्ष वाचत नाहीत. डीएनएतल्या शेजारच्या एका अक्षरावरून अंदाज बांधतात, कारण युरोपीय लोकांत ते अक्षर आणि १५:०१ हातात हात घालून फिरतात. आपल्याकडे ती जोडी तितकीच घट्ट असेल असं धरून चालता येत नाही. भारतात १५:०२ हा जवळचा भाऊ भरपूर आढळतो, अंदाजाने वाचणाऱ्या पद्धतीला दोघांत फरक करणं जड जातं.

आणि समजा १५:०१ खरोखर असलाच. मंगळूर-मुंबईच्या संशोधकांनी भारतीय रुग्णांतही त्याचा संबंध दाखवला आहे, तेव्हा तो आपल्यालाही लागू आहे. पण लाखात आठ-नऊचे तिप्पट केले तरी लाखात पंचवीसच. १५:०१ असलेल्या बहुसंख्य लोकांना एमएस कधीच होत नाही आणि एमएस असलेल्या कितीतरी लोकांत तो नसतो. एखादा न्यूरोलॉजिस्ट निदानासाठी ही टेस्ट मागत नाही त्याचं कारण हेच.

म्हणून वारणाकाठ ताई, मुलांची टेस्ट करू नका. "हो" आलं तरी आज त्यावर करण्यासारखा उपाय नाही आणि "नाही" आलं तरी हमी नाही. लहान मुलाच्या नावावर असा कागद चिकटवायचा हक्क आपल्याला आहे का हाही प्रश्नच आहे. मोठं झाल्यावर त्यांचं ते ठरवतील.

द्राक्षबाग_तासगाव

मामाच्या मुलीचा विषय निघाला म्हणून विचारतो. आमच्याकडं नात्यातली लग्नं पिढ्यान् पिढ्या आहेत. माझं स्वतःचं आत्याच्या मुलीशी झालंय. शाळेत सर सांगायचे नात्यात केलं की रोग येतात. मग एमएसलाही ते लागू की नाही?

अजिंक्यताऱ्याखाली

दादा, प्रश्न रास्त आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थॅलेसेमिया किंवा काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा यांत एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. आई-वडील एकाच आजोबांचे नातवंडं असतील तर तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. म्हणून तिथे नात्यातल्या लग्नाला समुपदेशन आणि रक्ततपासणी हवीच, ते मी मोकळेपणाने सांगेन. एमएसची रचना अशी नाही. तो शेकडो छोट्या फरकांच्या बेरजेवर आणि बाहेरच्या कारणांवर चालतो. या मुलाने मामाच्या मुलीशी लग्न केलं की परक्या मुलीशी, या एका आजारापुरता मोठा फरक पडेल असं मला वाटत नाही. लग्न करायचं की नाही हे त्या दोघांनी इतर कारणांवर ठरवावं, आणि नात्यात करणार असतील तर थॅलेसेमियाची तपासणी करूनच.

मावळतीकडे (वाई)

व्हॉट्सअ‍ॅपवर एक बातमी फिरते, कॅनडात एमएसचा जीन सापडला, तो असेल तर ७० टक्के लोकांना आजार होतो. ती खोटी का?

अजिंक्यताऱ्याखाली

खोटी नाही, पण अर्धीच आहे. २०१६ मध्ये कॅनडाच्या गटाने दोन कुटुंबांत एनआर१एच३ नावाच्या जनुकात एक दुर्मीळ बदल सापडल्याचं छापलं होतं. बातम्या जोरात झाल्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय गटाने स्वतःकडची हजारो रुग्णांची माहिती उघडून पाहिली, तर तो बदल रुग्णांत आणि निरोगी माणसांत सारखाच निघाला. दावा टिकला नाही. पहिली बातमी अजून फिरते, दुसरी कुणी पुढे पाठवत नाही.

यातून एक शिकण्यासारखं आहे. एकाच घरात चार रुग्ण दिसले की संशोधकालाही मोह होतो की इथे एखादं बलवान जनुक असेल. बहुतेक वेळा तिथे तेच छोटे फरक जरा जास्त संख्येने जमलेले असतात.

परिचारिका_मिरज

मी निवृत्त नर्स आहे, न्यूरो वॉर्डात बरीच वर्षं काढली. सगळे जनुकांवर बोलताय, मला वेगळंच विचारायचंय. वारणाकाठ, मावशींचं निदान कोणत्या साली झालं? तेव्हा एमआरआय झाला होता का? दोन्ही डोळे एकदम गेले होते का? आणि विचित्र वाटेल, पण कधी दिवसेंदिवस न थांबणारी उचकी किंवा उलट्या लागल्या होत्या का?

एका घरात दोन रुग्ण असं ऐकलं की आमचे सर आधी दुसऱ्याची फाइल मागायचे. म्हणायचे, "घराण्यात आहे" म्हणण्याआधी दोघांना एकच आजार आहे हे तरी बघा. एमएससारखे दिसणारे कितीतरी आजार आहेत. त्यातले काही पक्के आनुवंशिक असतात, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा कॅडासिल घ्या, अ‍ॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी घ्या, पाय हळूहळू ताठरत जाणारा स्पास्टिक पॅराप्लेजिया घ्या. त्यात पुढच्या पिढीचं गणित शंभरात दोनचं राहत नाही, कॅडासिलमध्ये ते सरळ निम्मं होतं. आणि काही आनुवंशिक नसूनही एमएस म्हणून खपून जातात.

वारणाकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काल विट्याला गेले. मावशीच्या ट्रंकेत फाइल सापडली. निदान १९९६ चं. पाठीच्या मणक्याचा एमआरआय नंतर केव्हातरी झालाय, त्यात मानेपासून खाली बराच लांब डाग लिहिलाय. दोन्ही डोळे एका आठवड्याच्या अंतराने गेले होते. डाव्याची नजर परत आलीच नाही.

आणि उचकी. मावशी म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?" पहिल्या झटक्याआधी तिला तीन आठवडे उचकी आणि उलट्या होत्या. पोटाचे डॉक्टर झाले, साखर-पाणी झालं, देवाचं झालं. त्याचा आणि पायांचा संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मधल्या काळात एमएसची इंजेक्शनं दिली होती, त्यानंतरच चालणं पूर्ण गेलं असं ती म्हणते.

परिचारिका_मिरज

बाळा, उशीर करू नको. हे सगळं न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओकडे बोट दाखवतं. डोळ्यांच्या नसा आणि मणका धरणारा, एमएससारखा दिसणारा पण वेगळा आजार. इथे बसून निदान करता येत नाही, पण न्यूरोलॉजिस्टकडे फाइल ने आणि अ‍ॅक्वापोरिन-४ अँटिबॉडीची रक्ततपासणी करायची का ते विचार. पेशींवर केली जाणारी पद्धत असते, ती जास्त भरवशाची. निगेटिव्ह आली तर एमओजी अँटिबॉडीचंही विचार, तो असाच दिसणारा आणखी एक आजार.

तेव्हाच्या डॉक्टरांवर राग धरू नकोस. ही अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली, त्याआधी दोघांत फरक करायला हातात फारसं काही नव्हतं. पण आज फरक कळणं गरजेचं आहे, कारण एमएसची काही औषधं, इंटरफेरॉन त्यातलंच, एनएमओ वाढवू शकतात. इतक्या वर्षांनीही पुढचा झटका थांबवता येतो.

कोरेगावची_लेक

माझ्या आईला एमएस आहे, पक्का, पुण्याला निदान झालंय. मी ३१ ची. जनुकं बदलता येत नाहीत हे कळलं. मग माझ्या हातात काय आहे?

अजिंक्यताऱ्याखाली

काही गोष्टी आहेत. सिगारेट सगळ्यात वर. स्वीडनमधल्या अभ्यासात १५:०१ असलेल्या, संरक्षण देणारा एचएलएचाच ए*०२ हा प्रकार नसलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या लोकांत धोका यातलं काहीच नसलेल्यांच्या तुलनेत चौदापट निघाला. जनुक आणि धूर एकमेकांना गुणतात. घरात कुणी ओढत असेल तर त्याचा धूरही मोजा. किशोरवयातला लठ्ठपणा आणि ड जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही संबंध दिसला आहे. ड जीवनसत्त्व तपासून, डॉक्टरांना विचारून घ्या. मेडिकलमधून मनाने आठवड्याच्या पुड्या सुरू करू नका.

तिसरी गोष्ट हातात नाही, पण माहिती असावी. एप्स्टाइन-बार विषाणू. अमेरिकेच्या सैन्यातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तावरून २०२२ मध्ये दिसलं की हा विषाणू लागल्यावर एमएसचा धोका ३२ पटीने वाढतो. एकाही जनुकाचा परिणाम याच्या आसपास नाही. मात्र तो जगातल्या जवळपास सगळ्यांनाच, आपल्याकडे तर लहानपणीच लागतो, म्हणून तोही एकटा पुरेसा नाही. लस निघाली तर चित्र बदलू शकेल.

आणखी एक, ज्यांच्या घरात एमएस आहे त्या सर्वांसाठी. संधिवातासाठी किंवा आतड्याच्या आजारासाठी कुणी टीएनएफ (शरीरात दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारं इंजेक्शन सुचवलं तर घरातल्या एमएसबद्दल डॉक्टरांना आवर्जून सांगा. ही औषधं एमएसमध्ये उलटी पडतात हे आधीपासून माहीत होतं. २०१२ मध्ये त्याचं कारण जनुकांतून उलगडलं. टीएनएफआरएसएफ१ए नावाच्या जनुकातला एमएसशी जोडलेला फरक शरीरात त्या औषधासारखंच काम करतो. मला या सगळ्या शोधाचं मोल इथे दिसतं. २३३ जागांची यादी कुणाचं भविष्य सांगत नाही, पण आजार कुठे आणि कसा सुरू होतो ते दाखवते. बहुतेक जागा रोगप्रतिकारक पेशींत काम करतात, मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशींतही. आजाराने पुढे किती वेगाने जायचं हे ठरवणारी एक जागा २०२३ मध्ये पहिल्यांदा सापडली, ती मात्र मेंदू आणि मणक्याच्या पेशींशी जोडलेली आहे.

या सगळ्यात आपली माणसं फार थोडी आहेत, याची मला कामावर रोज खंत वाटते. जीनोमइंडिया प्रकल्पात ८३ समाजगटांतल्या दहा हजार लोकांचा जीनोम, म्हणजे अख्खा जनुकसंच, वाचून झाला आहे. निरोगी माणसांची बाजू तयार झाली. आता तितक्याच काळजीने जमवलेली भारतीय एमएस रुग्णांची बाजू हवी. तुमच्या न्यूरोलॉजिस्टनी कधी अशा अभ्यासासाठी रक्त मागितलं, तर संमतीपत्र नीट वाचा, शंका विचारा आणि जमलं तर द्या.

मधली_सून

मी पुण्यात दिलंय. त्यांनी नाव काढून नंबर घातला, पुढे माहिती कुणाला देणार तेही वाचून दाखवलं. वीस मिनिटं गेली फक्त.

वारणाकाठ

मावशीचा रिपोर्ट आला. अ‍ॅक्वापोरिन-४ पॉझिटिव्ह. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, एनएमओ आहे, एमएस नव्हे. भावाचा एमआरआय आणि पाठीच्या पाण्यातल्या प्रथिनांच्या पट्ट्या पुन्हा पाहिल्या, त्याची अ‍ॅक्वापोरिन निगेटिव्ह आली, त्याचा एमएसच आहे. मावशीला रिटुक्सिमॅब, प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध, सुरू करायचं ठरलंय. गेलेली नजर येणार नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण उजवा डोळा आणि हात वाचवायचे आहेत म्हणाले.

आईला मी त्यांच्यासमोरच बसवलं होतं. त्यांनी तिला सांगितलं की दोघांचे आजार वेगळे, मावशीकडून भाच्याकडे काही आलेलं नाही. आई मला घरी येऊन म्हणाली, "म्हणजे ताईला तीस वर्षं चुकीचं नाव होतं?" ती आता मावशीच्या त्या तीस वर्षांसाठी रडते आहे. मामींशी भाऊ स्वतः बोलणार आहे. मुलीलाही सोबत घेऊन, सगळे कागद दाखवून. टेस्टवाल्याला "नको" म्हणून कळवलं.

कोरेगावची_लेक

फार बरं वाटलं वाचून. परिचारिका ताई, मला एक सांगा, आईमुळे मला सारखी भीती असते. अधूनमधून तळपायाला मुंग्या येतात, मांडी घालून बसलं की जास्त. एमआरआय करून टाकू का?

परिचारिका_मिरज

बैठक बदलली की जात असतील तर ती बैठकीमुळे. आधी बी१२, साखर आणि थायरॉइड तपासून घे. तू शाकाहारी असशील तर बी१२ नक्कीच. पण चोवीस तासांहून जास्त टिकणारा सुन्नपणा, एका डोळ्याने अंधुक दिसणं, पाय ओढत चालावं लागणं किंवा मान वाकवली की पाठीतून करंट गेल्यासारखं होणं, यातलं काही झालं तर त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्ट गाठ आणि आईचं निदान पहिल्या वाक्यात सांग.

कोरेगावची_लेक

शाकाहारीच आहे. सोमवारी रक्त देते.